सकाळचं पहिलं पाणी

"आज सकाळचं पहिलं पाणी कुणी घेतलं?"

कुठल्याही घरात गेल्यावर शैलजा बिडवे हा प्रश्न आधी विचारत. नाव, गाव, जमीन किती, घरात माणसं किती, हे सगळं नंतर. प्रश्न ऐकून घर जरा गोंधळायचं. पुरुष बायकोकडे बघायचा, बायको सासूकडे. मग आतून कुणीतरी "मी" म्हणायचं, आणि ती बाई कधी उठली, कुठल्या वाटेनं गेली, वाटेत कोण भेटलं, हंडा डोक्यावर कुणी चढवून दिला, हे एकामागून एक बाहेर यायचं. उत्तर बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसाकडे असायचं. त्याच माणसाशी त्यांना बोलायचं असायचं.

बिडवेबाई पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होत्या. माणसं पाण्याशी कशी वागतात, हा त्यांचा विषय. पूर येतो तेव्हा लोक आधी काय उचलतात, पाणी आटतं तेव्हा आधी काय सोडून देतात, आणि या दोन्हींच्या मधल्या दिवसांत पाण्याबद्दल काय विसरतात. त्यांचे सहकारी पाऊस मोजत, ओढ्यांचा प्रवाह मोजत, विहिरींची पातळी मोजत. त्याला बाईंचा विरोध नव्हता. "पाऊस मोजायला यंत्र आहे," त्या म्हणत. "माणसाला मोजायला त्याच्या ओट्यावर बसावं लागतं."

आणि त्या बसत. मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. समोरचा बोलत असताना त्यांनी काही लिहून घेतलेलं मी पाहिलं नाही. लिहायचं ते एसटीत बसल्यावर.

त्या मूळच्या औशाकडच्या, दुष्काळी भागातल्या. लहानपणी त्यांच्या घरात अंघोळ बाजेवर बसून करत आणि बाजेखाली घमेलं ठेवत. घमेल्यात जमलेल्या पाण्यात कपडे भिजत, त्यातून उरलेलं म्हशीच्या अंगावर जाई. हे त्या कुणाला हळहळ वाटावी म्हणून सांगत नसत. विचारलं तर सांगत, आणि सांगून झालं की विषय संपे. पण त्या घराच्या दोन सवयी त्यांच्या अंगात कायमच्या होत्या. पाण्याचा पेला हातात आला की तो आधी उजेडाकडे धरून बघायचा, आणि घेतलेलं पाणी पेल्यात ठेवायचं नाही. पहिल्या सवयीमुळे मुळशी तालुक्यातल्या बऱ्याच यजमानिणी त्यांच्यावर रागावलेल्या होत्या. "आमचं पाणी काय घाण हाय व्हय?" असं एकीनं तोंडावर विचारलं होतं. दुसऱ्या सवयीमुळे पुण्यातले लोक अवघडत. परिषद संपली की टेबलांवर अर्ध्या राहिलेल्या बाटल्या त्या गोळा करून कुंड्यांमध्ये ओतत, आणि आपण भेटायला गेलो तर आपला पेला रिकामा होईपर्यंत उठू देत नसत. "संपवा," एवढंच म्हणत.

मुळशी त्यांनी निवडली, कारण तासाभराच्या रस्त्यावर त्यांना हवं ते सगळं होतं. एका टोकाला ताम्हिणी, जिथं पावसाळ्यात चार पावलांवरचं माणूस दिसत नाही आणि होळीनंतर हंडा भरायला तासभर बसावं लागतं. मधे धरणाचा जलाशय, त्याच्या काठाची रिसॉर्टं आणि शनिवार-रविवारच्या गाड्या. दुसऱ्या टोकाला माण, जिथं भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गेटवर रोज टँकर येतात. बाईंची भाड्याची खोली माणमध्येच होती. मालक नाना, मूळचे शेतकरी. जमीन विकून त्यांनी तीन मजले बांधले होते आणि ते भाडेकरूंवर जगत होते. मी त्या वेळी एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या करत होतो. बाईंशी ओळख तिथेच झाली, एका तुंबलेल्या तळघरावर.

नानांच्या घरासमोर एक मोठी सोसायटी आहे. त्या वर्षी जुलैत तिच्या तळमजल्याखालचं पार्किंग पाण्यानं भरलं आणि गाड्या छतापर्यंत बुडाल्या. रहिवासी गेटवर जमले होते. बिडवेबाई छत्री घेऊन त्यांच्यात उभ्या होत्या. नाना पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून बघायला आले होते.

"ॲक्चुअली हा ड्रेनेजचा इश्यू आहे, मॅडम," सोसायटीचे सेक्रेटरी सांगत होते. "बिल्डरला मेल केलाय."

"इश्यू न्हाई, वढा हाय," नाना म्हणाले. "हितनंच जायचा. आमच्या खाचरात दरसाल यायचा. तवा खाली गाड्या नव्हत्या, बेडूक व्हते."

"मग विकली कशाला अशी जमीन, नाना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"वढ्यासकट इकली की. तुमी वढा न बघता घेतली."

लोक हसले. ज्यांच्या गाड्या खाली होत्या, त्यांच्यातलेही काही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या नानांकडे वळल्या.

"हे विकताना सांगितलंत का?"

"इचारलं कुणी?" नाना म्हणाले.

खोलीकडे जाताना बाई म्हणाल्या, "त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. खोटं कुणीच बोललं नाही. आणि गाड्या पाण्यात आहेत." पुढे अनेक सभांमध्ये त्यांनी हा प्रसंग सांगितला. माहिती असते, पण ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, असं त्यांना त्यातून दाखवायचं असायचं. माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असूनही एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जात नाही, असंही होऊ शकतं. त्याचं उदाहरण त्या वेळी त्यांच्याकडे नव्हतं.

ते उदाहरण ताम्हिणीकडच्या एका वाडीचं आहे. वाडीचं खरं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना वर्तमानपत्रांचा पुरेसा अनुभव आला आहे. टेपाची वाडी म्हणू. डोंगराच्या उतारावर थोडी घरं, खाली भाताची खाचरं, त्याच्याखाली रस्ता, आणि दूरवर जलाशयाचं पाणी. ते पाणी बाराही महिने दिसतं, पण ते वाडीत येत नाही. वाडीचं पाणी वरच्या झिऱ्याचं. घरांपासून चढावर, एका कातळाखालून निघणारं. झिऱ्याच्या तोंडाशी शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. सकाळी जी बाई पहिली पोचेल, तिनं पहिला तांब्या स्वतःसाठी भरायचा नाही, आसरांवर ओतायचा. मग हंडा लावायचा.

ही रीत बाईंना सांगितली ठकाबाई मरगळे यांनी. ठकाबाई वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या. दात थोडे, आवाज मोठा. बिडवेबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिलं पाणी आसरांनी घेतलं. दुसरं मी. आता तुमाला कुणाचं पायजे?"

बाईंना ही म्हातारी आवडली. नंतर त्या कित्येकदा तिथं गेल्या. एकदा मीही सोबत होतो. पावसाळा होता, आणि बाईंनी विचारलं होतं की पागोळ्यांना इतकं पाणी असताना बायका झिऱ्यावर कशाला जातात.

"पागोळीचं भांड्याला. प्यायला झिऱ्याचंच," ठकाबाई म्हणाल्या. "वढा लाल व्हतो, झिरा व्हत न्हाई."

"कधीच नाही?"

"झाला तर आसरा रुसल्या म्हणायचं. दगडावर वतलं की दिसतं ना, पाणी कसं हाय ते. गढूळ आलं तर त्या दिशी वाडीत थांबायचं न्हाई. गुरं सोडायची, पोरं घ्यायची, खाली देवळात जाऊन बसायचं. माज्या सासूच्या येळंला बसलो व्हतो आमी."

"मग? डोंगर आला?"

"न्हाई आला. पर बसलो व्हतो." ठकाबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. "सासू म्हनली, आसरा उगीच रुसल्या. दुसऱ्या दिशी नारळ दिला त्येंला."

पुण्यातल्या एका सभागृहात बाईंनी हे संभाषण जसंच्या तसं सांगितलेलं मला आठवतं. झऱ्याचं स्वच्छ पाणी अचानक गढूळ येणं ही उतार सुटत असल्याची, दरड येणार असल्याची खूण असू शकते, हे त्यांनी त्याला जोडून सांगितलं. बायका पाणी आणायला जातात तेव्हा फक्त पाणी आणत नाहीत, डोंगराची बातमी आणतात, असं त्या म्हणाल्या. श्रोत्यांना वाक्य आवडलं. बऱ्याच जणांनी लिहून घेतलं.

ठकाबाईंची सून अलका. पाणी रोज तीच आणायची. एका पावसाळ्यात झिऱ्याच्या वाटेवरच्या शेवाळलेल्या कातळावरून ती हंड्यासकट घसरली आणि मनगट मोडलं. हाड नीट बसलं नाही. त्यानंतर बाई गेल्या तेव्हा अलका चुलीपुढं डाव्या हातानं भाकरी थापत होती. बाईंनी प्रश्न विचारला. अलकानं मान वर केली नाही.

"मीच घेतलं. ह्या हातानं. बाई, तुमी किती वर्सं झाली इचारताय? आमी सांगतो, तुमी ऐकता, आन् जाता. एकदा तरी कायतरी करा."

ठकाबाई तिला दटावू लागल्या. बाईंनी त्यांना थांबवलं.

संशोधकानं बघायचं, हात घालायचा नाही, अशी त्यांच्या क्षेत्रातली शिस्त आहे. बाईंनी ती तोपर्यंत पाळली होती. त्या चुलीपुढून उठल्यावर त्यांनी ती सोडली. संस्थेतून आणि बाहेरून त्यांनी निधी मिळवला. दोन तरुण अभियंते आले. झिऱ्याच्या तोंडाशी दगडी पेटी बांधली, तिच्यापुढे वाळू आणि खडीची गाळणटाकी, मग साठवणीची टाकी, आणि तिथून प्रत्येक घराच्या दारापर्यंत नळ. वाडीतल्या पुरुषांनी चर खणले. आसरांचे दगड हलवायचे नाहीत, असं बाईंनी अभियंत्यांना बजावलं होतं. पेटी दगडांच्या वर बांधली आणि जादा पाणी त्यांच्यावरून वाहून जाईल अशी वाट ठेवली. सगळं नीट विचार करून केलेलं काम होतं. त्यात दोष काढता येईल असं मला त्या दिवशी काही दिसलं नाही, आणि वाडीतल्या कुणालाही दिसलं नाही.

पहिला नळ ठकाबाईंनी सोडला. पाणी जोरात आलं, त्यांच्या लुगड्यावर उडालं, आणि त्या मागं सरकल्या.

"आसरांना पण एक नळ बशिवा, बाई! त्या पण म्हाताऱ्या झाल्या, किती दिस उघड्यावर बसतील?"

सगळे हसले. बिडवेबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. अलका हसत नळ बंद करत होती, पुन्हा सोडत होती. बातमी आतल्या पानावर फोटोसह आली.

त्यानंतर झिऱ्यावर रोज जायची गरज उरली नाही. वाट गवतात गेली. चैत्रात एकदा नारळ घेऊन बायका वर जात, तेवढंच. यात कुणाची कुचराई नव्हती. ज्या चढानं मनगट मोडलं होतं, तो चढ सुटला होता.

पुढच्या एका आषाढात पाऊस थांबेना. लावणी चालू होती आणि वाडीतली सगळी माणसं खाली खाचरात होती. त्या सकाळी नळांना पाणी बारीक येत होतं. योजनेची देखभाल करणारा माणूस म्हणाला, वर पाला अडकला असेल, लावणी उरकली की बघतो. पाणी बारीक होतं, पण स्वच्छ होतं, त्यामुळे घाई कुणाला वाटली नाही. ठकाबाईंचे पाय दुखत होते म्हणून त्या म्हशींजवळ घरी राहिल्या. दुपारच्या आत वरच्या अंगाचा उतार सुटला. दोन घरं गेली. त्यातलं एक रिकामं होतं. दुसरं ठकाबाईंचं.

मी पोचलो तेव्हा रस्ता दोन ठिकाणी बंद होता आणि लोक फावड्यांनी माती उकरत होते. बिडवेबाई दुसऱ्या दिवशी आल्या. एसटी जिथं थांबली तिथून चालत आल्या. त्या लोकांकडे आधी गेल्या नाहीत. गवतात गेलेल्या वाटेनं वर चढल्या, मी मागोमाग. दरड झिऱ्याच्या एका बाजूनं आली होती, बांधकाम शाबूत होतं. त्यांनी गाळणटाकीचं झाकण सरकवलं, बाही वर करून हात आत घातला आणि मूठभर काढून बघितलं. वाळू लाल चिखलानं गच्च झाली होती. म्हणून पाणी बारीक येत होतं. पलीकडच्या साठवणीच्या टाकीतलं पाणी नितळ होतं, तळ दिसत होता. आणि पेटीवरून वाहणारं जादा पाणी आसरांच्या दगडांवरून जात होतं, लालभडक. ते कधीपासून तसं वाहत होतं, हे सांगू शकेल असं वाडीत कुणी नव्हतं.

बाई तिथं किती वेळ उभ्या होत्या ते मी बघितलं नाही. मी खाली उतरलो होतो.

वाडी देवळात बसली होती. अलका खांबाला टेकून होती. बाई आल्या आणि नेहमीसारख्या तिच्यासमोर मांडी घालून बसल्या, हात गुडघ्यांवर. हातांना लाल माती तशीच होती.

"इचारा की, बाई," अलका म्हणाली.

बाई हातांवरच्या मातीकडे बघत होत्या.

"इचारा. सकाळचं पहिलं पाणी कुणी घेतलं?"

"अलके, गप," तिचा नवरा म्हणाला.

"गप कशाला? इतकी वर्सं त्यांनी इचारलं, मी सांगितलं. आज बी सांगते." तिनं बाईंकडे सरळ बघितलं. "कुणीच न्हाई घेतलं, बाई. नळाला आलं."

मग तिनं तोंड खांबाकडे वळवलं. त्यानंतर ती बाईंशी बोलली नाही.

नंतरचं बरंचसं अशा घटनांच्या नंतर होतं तसंच झालं. अधिकारी येऊन गेले. वाडीच्या तोंडाशी धोकादायक क्षेत्राचा फलक लागला. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. पुनर्वसनाचा प्रस्ताव वर गेला आहे असं मला प्रत्येक वेळी सांगण्यात आलं. शेडमध्ये म्हशींना जागा नव्हती आणि उन्हाळ्यात आत बसवत नव्हतं. एकेक घर पुन्हा वर राहायला गेलं. अलकाच्या नवऱ्यानं वाडीच्या मधल्या भागात भावाच्या घराला लागून दोन खोल्या काढल्या. अभियंत्यांनी झिऱ्यावर एक उपकरण बसवलं. पाणी गढूळ झालं की ते मोबाइलवर संदेश पाठवणार होतं. उन्हाळ्यातली चाचणी नीट झाली. पावसाळ्यात वाडीत रेंज नसते.

संस्थेत बाईंनी या घटनेवर व्याख्यान दिलं. मी मागच्या रांगेत होतो. काय बांधलं, पाणी कुठून कुठं गेलं, वाळूनं काय अडवलं, हे सगळं त्यांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. एक तरुण सहकारी उठून म्हणाला, "मॅडम, हे आधी कुणाच्याच लक्षात येणं शक्य नव्हतं."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "ठकाबाईंनी मला सांगितलं होतं. ते मी याच सभागृहात तुम्हाला सांगितलं. त्यानंतर मी नळ बसवला."

आणि त्या खाली बसल्या. प्रश्नोत्तरं झाली नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी माणची खोली सोडली. नानांनी विचारलं, "तितं डोंगरात काय करणार, बाई? टँकर तरी येतो का?" टेपाच्या वाडीच्या खालच्या टोकाला, रस्त्याजवळ, त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. पाऊस सुरू झाला तशा त्या रोज सकाळी काठी घेऊन झिऱ्यावर जाऊ लागल्या. वाडीनं आधी थट्टा केली. "बाई, नळ दारात हाय, वर कुटं निघाला?" मग सवय झाली. त्या वर जात, पेटीवरून येणारं पाणी पेल्यात धरत, उजेडाकडे बघत, पीत, आणि खाली येत. वाटेत कुणी भेटलं तर सांगत, "नितळ आहे." लोक "बरं" म्हणत. सोबत कुणी गेलं नाही. "आता जाऊन काय व्हनार? झालं ते झालं," असं मला एका म्हाताऱ्यानं सांगितलं. त्याचं घर उताराच्या अगदी खाली आहे.

तो पावसाळा संपता संपता त्या घसरल्या. तोच कातळ, जिथं अलका पडली होती. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चढ चढायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या पुण्याला राहतील असं वाटलं होतं. त्या वाडीतच परत गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या पावसाळ्यात. प्रस्ताव कुठवर आला त्याची बातमी करायला गेलो होतो. सकाळ होती, धुकं खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. बाई दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, एक पाय स्टुलावर. बऱ्याच वाळल्या होत्या. बोलणं सुरू होण्याआधी वाटेवर डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेली एक बाई दिसली. वरून, झिऱ्याच्या बाजूनं येत होती. जवळ आल्यावर ओळखली. अलका. तिच्या हातात स्टीलचा तांब्या होता, वाकड्या मनगटाचा हात त्याच्यावर झाकणासारखा धरलेला. तिनं तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला, आमच्याकडे बघितलं नाही, आणि घराकडे गेली.

"रोज येते?" मी विचारलं.

"पाऊस लागल्यापासून."

"काही बोलते?"

"नाही."

"ती वरपर्यंत जाते म्हणजे पाणी कसं आहे ते तिला तिथंच दिसत असेल."

"दिसतंच. पहिला तांब्या आसरांवर ओतते ती. गढूळ असलं तर ती खाली माझ्याकडे येणार नाही, सगळ्यांना उठवत जाईल."

"मग इथं कशाला आणते?"

"मला दाखवायला," बाई म्हणाल्या.

त्यांनी खुर्चीतून वाकून तांब्या घेतला. वाकताना त्रास झाला. मी पुढे झालो तर औशाकडच्या बोलीत म्हणाल्या, "काय करायलाव? बसा." पेला भरला आणि दाराबाहेरच्या उजेडाकडे धरला. उजेड फारसा नव्हता, म्हणून बराच वेळ धरला. मग प्यायल्या. दुसरा पेला भरला, तोही तसाच बघितला, प्यायल्या. उरलेल्या पाण्यात तिसरा अर्धाच भरला. तो पिऊन झाल्यावर तांब्या झटकून पुन्हा ओट्याच्या कडेला, होता तिथं ठेवला. त्यानंतर आम्ही प्रस्तावाबद्दल बोललो. त्यात नवीन काही नव्हतं.

मी निघायला उठलो तेव्हा अलका लावणीला खाली चालली होती. ओट्यापाशी थांबली. तांब्या उचलला, पागोळीच्या आत धरला आणि उपडा करून बघितला. काही पडलं नाही. तिनं तांब्या काखेत मारला आणि खाचराकडे उतरली. बाई खुर्चीतून बघत होत्या. धुक्यात ती दिसेनाशी झाल्यावरही त्या तिकडेच बघत होत्या.